पेन सिनेटर ११३एच: खोलून, भाग बदलून, पुन्हा जोडून

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतले लोक मोकळे. पेन कंपनीचं मासेमारीचं जुनं सिनेटर रीळ, ११३एच, मापानं ४/० (आकडा मोठा तसं रीळ मोठं), बाजूच्या तबकड्या गडद तांबड्या. असं रीळ हाती आलं आणि त्याची चौकट वाकलेली नसेल, तर ते दुरुस्त करण्यासारखं आहे. ड्रॅगच्या, म्हणजे तंगुसाला (मासेमारीच्या दोरीला) ब्रेकसारखं धरणाऱ्या यंत्रणेच्या, जुन्या चकत्या काढून कार्बनच्या घालाव्यात. गिअरची स्लीव्ह घासलेली असेल तर स्टेनलेसची बसवावी. बाकी सगळं स्वच्छ करावं, ग्रीस लावावं आणि आहे तसं राहू द्यावं. चकचकीत करण्याच्या भानगडीत पडू नये. एवढ्यावर काम भागत असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मी मासेमारीतला जाणकार नाही. माझी उमेदीची वर्षं लेथवर गेली, त्यामुळे कुणी जुनं रीळ दाखवलं की यावर केवढा मासा लागला होता हे मी विचारत नाही. हँडल धरून आधी खेळ किती आहे ते बघतो. मग कानाशी धरून फिरवतो. पितळी गिअर नीट बसलेला असला की आवाज एकसारखा येतो. दात खाल्लेले असले की एका ठरावीक जागी कुरकुर होते, दर फेऱ्याला तिथेच. खाली जे लिहिलंय ते अशा माणसाच्या नजरेनं. मासा लागल्यावर रॉड कसा धरावा वगैरे माझ्याकडून शिकू नका.

पेनची सुरुवात फिलाडेल्फियातली. ऑटो हेन्झे या जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या कारागिरानं १९३२ मध्ये कंपनी काढली आणि १९३६ मध्ये सिनेटर बाजारात आणलं. खोल समुद्रातल्या मोठ्या माशासाठी बनवलेलं रीळ, पण सामान्य माणसाला झेपेल असं. त्याच घराण्यातलं सर्वांत थोरलं १६/० मापाचं सिनेटर घेऊन वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९६४ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चेरी ग्रोव्हच्या धक्क्यावरून १,७८० पौंडांचा टायगर शार्क ओढला होता. आपलं ४/० त्याच्यापुढे पोरगेलं. पण आतली रचना तीच, आणि मला कौतुक आहे ते या रचनेचं.

रचना समजली की अर्धी दुरुस्ती झाली, म्हणून थोडक्यात सांगतो. उजव्या तबकडीच्या आत एक धातूचा ब्रिज आहे. त्यावर एक पोकळ दांडा उभा असतो, त्याला म्हणायचं गिअर स्लीव्ह. हँडल हिच्यावरच बसतं. स्लीव्हवर मुख्य गिअर सैल बसतो, म्हणजे स्वतःहून तो स्लीव्हबरोबर फिरत नाही. दोघांना एकत्र बांधतात त्या ड्रॅगच्या चकत्या. वरून स्टार (हँडलखालचं चांदणीच्या आकाराचं चाक) फिरवला की चकत्या दाबल्या जातात आणि हँडलचा जोर गिअरपर्यंत पोचतो. मासा त्या दाबापेक्षा जास्त ओढायला लागला की चकत्या घसरतात आणि तंगूस सुटत जातो. मुख्य गिअर पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, फिरवतो; पिनियन स्पूलला, म्हणजे तंगूस गुंडाळलेल्या चाकीला. खटका पाडला की पिनियन स्पूलच्या आसापासून बाजूला सरकतो आणि स्पूल मोकळं. हँडल उलटं फिरू नये म्हणून रॅचेट (दातेरी चकती) आणि तिच्यात अडकणारी एक खिट्टी. संपलं. यात न समजण्यासारखं काही नाही, आणि चिकटवून कायमचं बंद केलेलंही काही नाही. जे आहे ते स्क्रूनं धरलेलं आहे. स्क्रू काढता येतो, भाग बदलता येतो.

आता ज्याच्यासाठी मी हे रीळ इतरांच्या वर ठेवतो ती गोष्ट: सुट्या भागांचे क्रमांक. पेनच्या प्रत्येक भागाच्या नंबरात दोन आकडे, मध्ये आडवी रेघ. पहिला आकडा भागाची जात सांगतो. ५ म्हणजे मुख्य गिअर, ६ म्हणजे ड्रॅगची चकती, १३ पिनियन, १५ हँडल, २९ स्पूल. रेघेनंतरचा आकडा मॉडेलचा, तो भाग ज्या रिळासाठी आधी बनला त्याचा. याचा उपयोग कळायला एक उदाहरण पुरेल. पेनचंच दुसरं रीळ, जिगमास्टर ५००, खोललंत तर त्याच्या ड्रॅगच्या चकतीचा नंबर निघतो ६-६०. हा ६० कुठून आला? लाँग बीच ६० या वेगळ्याच रिळावरून. म्हणजे कंपनीनं नवं रीळ काढताना चकती नवी काढली नाही, चालू असलेलीच घेतली. मोडीत निघालेल्या एका रिळातून दुसऱ्याचा भाग काढता येतो तो या धोरणामुळे. कारखान्यात काम केलेल्या माणसाला विचारा, पन्नास जातींचे वॉशर सांभाळण्यापेक्षा पाच जातींचे सांभाळणं काय सुखाचं असतं. ज्यानं कुणी ही क्रमांकाची पद्धत लावली तो डोक्यानं स्टोअरकीपर असावा, आणि ही माझ्याकडून मोठी पावती आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या मॉडेलचा भागांचा तक्ता मिळवणं. सुटे केलेले सगळे भाग ओळीनं मांडलेलं चित्र असतं, त्यात प्रत्येकाला नंबर. तक्ता समोर असल्याशिवाय पहिला स्क्रूही सोडू नये. आणि नंबर पाहताना मागचं अक्षरही पाहावं. ११३ आणि ११३एच ही दोन रिळं आहेत. ‘जवळपास सारखंच आहे’ म्हणून गिअर मागवला तर तो टेबलावर शोभेला राहील.

खोलताना खरी परीक्षा स्क्रूंची. सिनेटरची तबकडी सोडवायला गोलाकार कड्यावरचे सगळे स्क्रू एकेक करून काढावे लागतात. जिगमास्टरसारखं एक स्क्रू सैल केला, बाजू फिरवली आणि स्पूल हातात, असलं काही नाही. स्पूल बदलायची वारंवार गरज पडणाऱ्यांना हे जाचक वाटेल. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेले स्क्रू हलत नाहीत आणि घाई केली की खाच फाटते. माझ्याकडे यावर एकच उपाय आहे. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत तळापर्यंत, रुंदीला पुरेपूर आणि हलायला जागा न राहता बसलं पाहिजे. बाजारी पात्याचं टोक पाचरीसारखं उतरतं असतं, ते खाचेत वरच्या कडेवरच टेकतं आणि जोर लावला की वर येतं. मी पातं ग्राइंडरवर घासून दोन्ही बाजू समांतर करून घेतो. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायचं, नाहीतर टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. तरीही स्क्रू ऐकत नसेल तर आत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेवावं, मग तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवावं. ज्योत मात्र अजिबात नको. बाजूची तबकडी धातूची नाही, ज्योतीनं फुगेल किंवा तडकेल.

आणि हँडल काढण्याआधी त्याच्या नटाजवळचा छोटा कुलपाचा स्क्रू काढायला विसरू नये. अनेक जुन्या रिळांच्या नटावर पक्कडीच्या दातांचे ओरखडे दिसतात. कुणीतरी तो बारका स्क्रू न बघता जोर लावलेला असतो.

ब्रिज उचलताना खालच्या दोन बारीक स्प्रिंगा उडतात. पिनियनच्या जोखडाला (पिनियन सरकवणाऱ्या पट्टीला) वरून दाबून धरणाऱ्या त्या या. उडतात म्हणजे खरोखर उडतात, आणि फरशीवर पडल्या की संपल्या. रुंद, कडा असलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये काम करावं. पारदर्शक पिशवीत हात घालून ब्रिज उचलणारे लोकही आहेत. हसण्यासारखं दिसतं, पण स्प्रिंग पिशवीतच राहते. खिट्टीच्या स्प्रिंगचंही तेच. तिन्ही स्प्रिंगा जास्तीच्या मागवून ठेवाव्यात, गंजलेल्या परत बसवण्यात शहाणपण नाही.

आता ड्रॅग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या सिनेटरमध्ये खरा फरक पडतो तो इथेच.

गिअर म्हणजे एक वाटी समजा. वाटीच्या तळाशी पहिली घर्षणाची चकती. तिच्यावर धातूची चकती, जिचं भोक गोल नसतं, स्लीव्हच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारं असतं. ही स्लीव्हबरोबर फिरते. मग पुन्हा घर्षणाची. मग धातूची दुसऱ्या जातीची, जिला बाहेरून कान असतात आणि ते गिअरच्या खाचांत अडकतात. ही गिअरबरोबर फिरते. असा थर आलटून पालटून वर चढत जातो आणि शेवटी स्लीव्हबरोबर फिरणारी धातूची चकती येते. वर ताण देणारी स्प्रिंगची चकती आणि स्टार. प्रत्येक घर्षणाच्या चकतीच्या एका बाजूला स्लीव्हची माणसं आणि दुसऱ्या बाजूला गिअरची. एकाच जातीच्या दोन धातूच्या चकत्या शेजारी आल्या तर मधली घर्षणाची चकती फुकट जाते; कारण दोन्ही एकाच गतीनं फिरतात. ड्रॅगचा जोर चकत्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, तेव्हा एक चकती वाया गेली की तेवढा जोर गेला, आणि माणूस स्टार आणखी आवळत बसतो. ‘ड्रॅग धरत नाही’ म्हणून समोर आलेलं रीळ कधीकधी एवढ्यावरच दुरुस्त होतं. भाग सगळे शाबूत, फक्त क्रम चुकलेला.

जुन्या चकत्या कशाच्या? कुठे चामडं, कुठे दाबलेला तंतूंचा पुठ्ठा, कुठे ब्रेकच्या अस्तरासारखा पदार्थ. जुन्या काळी अशा अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जायचं. म्हणून काळपट-तपकिरी, ठिसूळ झालेली चकती निघाली तर ती कोरडी घासू नये, तिची भुकटी फुंकून उडवू नये. ओली करूनच उचलावी, पिशवीत बंद करावी. ‘वरचा थर घासून काढला की पुन्हा चालेल’ हा सल्ला मी ऐकलाय. नको.

या चकत्यांचा दोष जोर कमी असण्याचा नाही. आवळल्या तर त्या भरपूर धरतात. दोष सुटण्यात आहे. बराच वेळ दाबून राहिलेली चकती धातूला चिकटते. मासा ओढतो, काहीच होत नाही, आणखी ओढतो आणि मग एकदम सुटतं. तंगूस तुटतो तो या एकदम सुटण्याच्या आधीच्या क्षणी. एकदा चालू झाल्यावरही ती गुळगुळीत जात नाही, धरते-सोडते, धरते-सोडते. लेथवर कापताना हत्यार थरथरायला लागतं तसला हा प्रकार, मला आवाजावरूनच ओळखू येतो.

कार्बनची विणलेली चकती यावर उत्तम उतारा आहे. पेनची स्वतःची एचटी-१०० नावानं येते. कार्बनच्या तंतूंचं कापड, आत राळ, ठोकून कापलेली चकती. पहिल्या क्षणाला लागणारा जोर आणि चालू असतानाचा जोर यांत तिच्यात फारच थोडा फरक असतो, आणि उष्णतेनं ती जळत किंवा पाघळत नाही. तंगूस वेगानं बाहेर जात असताना गिअरच्या त्या वाटीत बरीच उष्णता तयार होते, म्हणून हा गुण फक्त कागदावरचा नाही.

नवीन चकती बसवण्याआधी धातूच्या चकत्या तपासाव्यात. हे काम बहुतेक जण टाळतात. जाड काचेवर बारीक एमरी पेपर पसरायचा आणि चकती त्यावर हलक्या हातानं गोल गोल फिरवायची. जिथे चमक येते तो उंचवटा, जिथे काळं राहतं तो खड्डा. सपाट चकती सगळीकडे सारखी उजळते. वाकलेली असेल तर ठोकून सरळ करण्यात वेळ घालवू नये, नवी मागवावी. कानांच्या कडेला बाहेर आलेली धातूची धारदार कूस कानशीनं काढून टाकावी, नाहीतर ती गिअरच्या खाचा खाते. सपाट नसलेल्या धातूवर जगातली सर्वांत भारी कार्बनची चकती ठेवलीत तरी ती जागोजागीच टेकणार.

ग्रीस लावायचं की कोरडं ठेवायचं यावर लोक भांडतात. कोरड्या कार्बनची पकड थोडी जास्त असते, हे खरं. पण समुद्रावर वापरायचं तर मी ग्रीस लावतो. ड्रॅगसाठी मिळणारं टेफ्लॉनवालं ग्रीस, दोन्ही बाजूंना चोळून मग पुसून घ्यायचं, विणीत राहील तेवढंच पुरे. कमाल जोर जरा उतरतो, पण मीठ आणि पाणी आत शिरत नाही, धातूची चकती गंजत नाही. ४/० रिळात एवढा जोर जाण्यानं काही बिघडत नाही. साधं गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस मात्र इथे चालवू नये, ते गरम झाल्यावर कुठे जाईल आणि कसं वागेल याचा भरवसा नाही.

इथे एक तक्रार नोंदवतो. कार्बनच्या चकत्या पेनच्या सोडून इतरही अनेक जण विकतात आणि त्यातल्या काही चांगल्या आहेत. पण एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही, आलेल्या संचाचा बाहेरचा व्यास जास्त होता. चकती गिअरच्या वाटीत दाबून बसवावी लागत होती. घट्ट बसते तर चांगलंच, असं कुणाला वाटेल. पण कडेला अडकलेली चकती सपाट बसत नाही, कड वर राहते. आणि स्टार सैल केला तरी ती पूर्ण सुटत नाही. भोकाचे काठही चिरफाळलेले, तंतू बाहेर. ‘थोडं घासून घ्या’ असं उत्तर आलं. घासून घेता येतं, मला तर येतंच. पण कार्बनची भुकटीही फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नाही, आणि मापात कापलेली चकती विकणं हे विकणाऱ्याचं काम आहे. कुठूनही घ्या, पण आल्याबरोबर व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. जाडीही बघा. चकत्या जास्त जाड निघाल्या तर सगळ्यांची मिळून थराची उंची एवढी वाढते की स्टारला धरायला पुरेसे आटे उरत नाहीत.

स्लीव्हबद्दल. हा भाग बिचारा सगळं सोसतो. हँडलचा सगळा जोर याच्या वरच्या चपट्या बाजूंवर येतो, स्टारचे आटे याच्यावरच, चकत्याही याच्यावरच. मऊ धातूच्या जुन्या स्लीव्हच्या कडा हळूहळू गोल होतात. हँडल डुगडुगतं ते यामुळे. लोक नट आवळत राहतात. नटाचा काही दोष नसतो. नवं हँडल जुन्या स्लीव्हवर बसवून आणखी एक चूक होते: नव्या हँडलचं भोक जुन्या गोल झालेल्या कडांवर थोड्याच काळात खराब होतं. स्लीव्ह आधी, हँडल नंतर. स्टेनलेसची स्लीव्ह बाहेरचे कारागीर बनवतात. मी बसवली तिचे आटे स्वच्छ कापलेले होते, कडा धारदार, स्टार तिच्यावर एका बोटानं खालपर्यंत गेला. या एका भागानं हाताला जो फरक जाणवतो तो कार्बनच्या चकत्यांपेक्षाही जास्त, कारण चकत्या मासा लागल्यावर बोलतात, स्लीव्ह प्रत्येक फेऱ्याला.

गिअर आणि पिनियन बदलायचे तर जोडीनं बदलावेत. जुन्या गिअरबरोबर नवा पिनियन लावला की जुन्याचे झिजलेले दात नव्याला आपल्यासारखं करून टाकतात. कोणत्याही मशीनला लागू असलेला नियम. आणि पिनियन काढलाच आहे तर त्याची स्पूलकडची खाच भिंगाखाली बघा. कडा गोल झाल्या असतील तर जोर आल्यावर पिनियन आसावरून सटकतो आणि रीळ भर ओढाओढीत मोकळं होतं. स्पूलच्या आसाच्या चपट्या बाजूही तशाच बघाव्यात. माझ्या रिळात दोन्ही ठणठणीत होते, फक्त वर हिरवट थर. म्हणून गिअरची जोडी मी बदलली नाही. चालू असलेला भाग नवा मिळतो म्हणून काढायचा नसतो.

तो हिरवा थर पितळ आणि मिठाच्या संगनमताचा. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश यांनी बराचसा निघतो. व्हिनेगर लवकर काढतं, पण क्रोमचा मुलामा असलेले भाग त्यात भिजत ठेवू नयेत. मुलाम्याला जिथे बारीक छिद्र असेल तिथून ते आत शिरतं आणि खालचं पितळ खातं. उघड्या पितळाला थोडा वेळ लावून लगेच धुवावं. तबकड्यांना फक्त साबणाचं कोमट पाणी. थिनर, अ‍ॅसिटोन असलं काही नको. क्रोम उडालेलं असेल तर उडालेलं राहू द्या. पॉलिश करणाऱ्या चाकावर धरून आरसा करणारे लोक बघितलेत. उरलेला मुलामाही जातो आणि पुढच्या वेळी खारं पाणी थेट पितळाला भिडतं.

जोडताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मरीन ग्रीसचा हलका हात. ब्रिजच्या खाली, तबकडीच्या आतल्या बाजूला, जिथे काहीच फिरत नाही तिथेही पातळ थर. गिअरला ग्रीस, स्पूलच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला मात्र पातळ तेल, नाहीतर स्पूल मोकळं फिरत नाही. आणि कड्यावरचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळावेत, चारचाकीच्या चाकाचे नट आवळतात तसे. एका बाजूनं सुरुवात करून गोल फिरत गेलं की तबकडी किंचित तिरकी बसते आणि स्पूल कड्याला घासतं. मग बेअरिंगला दोष दिला जातो.

तपासणी स्प्रिंगच्या काट्यानं केली. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका ड्रॅग ठेवावा, हा सर्वसाधारण नियम. १५ किलोच्या तंगुसाला ४ ते ५ किलो. जुन्या चकत्यांवर काटा आधी वर उडी मारायचा, मग धाडकन खाली यायचा आणि नाचत राहायचा. नव्यांवर तो वर गेला, थांबला, तंगूस सुटायला लागला तरी जवळपास तिथेच राहिला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: हे माप भरलेल्या स्पूलचं आहे. तंगूस जाऊन जाऊन गुंडाळीचा व्यास निम्मा राहिला की त्याच स्टारवर तंगुसाला दुप्पट ताण बसतो. ड्रॅग कितीही गुळगुळीत असो, त्याला हे गणित चुकत नाही. तंगूस बराच बाहेर गेला की स्टार थोडा सैल करायचा असतो, आवळायचा नसतो.

भाचा म्हणाला, “मामा, एवढ्या खटपटीत नवीन हलकं रीळ आलं नसतं का?” आलं असतं की. नव्या रिळांत वजन कमी, वेग जास्त, हँडल एका बिंदूलाही मागे सरत नाही. सिनेटर जड आहे, मनगट भरून येतं. तंगूस पसरवणारी यंत्रणा नाही, अंगठ्यानं सारखा पसरत राहावा लागतो, विसरलं की एका बाजूला ढीग. मूळ रचनेत उलट्या फेऱ्याला रोखणारी खिट्टी एकच आहे. ती झिजली की हँडल उलटं सुटून बोटं फोडेल. ही खिट्टी आणि तिची स्प्रिंग मी न बघताच बदलतो. लांब फेकून मासा धरायचा असेल, दिवसभर आमिष फेकत-ओढत राहायचं असेल, तर हे रीळ घेऊच नका. नावेतून खाली सोडायला, ओढत न्यायला, धक्क्यावर रॉड लावून बसायला हे रीळ.

दुरुस्तीच्या दृष्टीनं त्याच्या वयाच्या इतर दोघांशी तुलना करायचा मोह होतो. अबूचं अँबॅसेडर ५००० स्वीडनमधल्या स्वेंगस्टाचं, १९५२ सालचं. ही कंपनी १९२१ मध्ये घड्याळं करायला निघाली होती, मग टॅक्सीचे मीटर आणि त्यानंतर रिळं, आणि आत उघडलं की ते घराणं दिसतं. कारागिरीत ते सिनेटरच्या दोन पायऱ्या वर. पण चौकट अ‍ॅल्युमिनियमची आहे, खाऱ्या पाण्यात स्क्रू तिच्यात जाम बसतात, आणि तंगूस पसरवणाऱ्या यंत्रणेतला बारका घोडा (तिला इकडून तिकडे सरकवणारी खिट्टी) झिजतो तो वेगळाच. फ्रान्सचं मिचेल ३०० फार देखणं, पण त्याची पकड-तार (तंगूस धरून गुंडाळणारी तारेची कमान) परत पाडणारी स्प्रिंग तुटली की रीळ अर्धं निकामी. दोन्ही प्रेमानं ठेवण्यासारखी. पण समुद्रावर न्यायचं आणि बिघडलं तर मोकळ्या हातानं सोडवायचं, तर मी सिनेटर उचलेन. मजा म्हणजे पेन, अबू आणि मिचेल हे तिन्ही जुने प्रतिस्पर्धी आज प्युअर फिशिंग या एकाच छत्राखाली आहेत.

काम झाल्यावर ठेवताना स्टार पूर्ण सैल करून ठेवा, चकत्या दाबात राहू देऊ नका. समुद्रावरून आल्यावर ड्रॅग जरा आवळून गोड्या पाण्याची हलकी फवारणी पुरे. नळाची जोराची धार मीठ बाहेर काढत नाही, आत ढकलते. मग पुसून, सुकवून, स्टार सैल.

माझ्या रिळाचं हँडल अजून जुनंच आहे. भोक शाबूत आहे, पण मूठ लहान, ओल्या हातातून निसटते. पेनची मोठ्या मुठीची हँडलं मिळतात, तक्त्यात १५ नंबरखाली शोधतोय.